माशांच्या चार फुटी टाकीचं स्टँड: आधी एवढंच बघा

४ × १.५ × १.५ फूट म्हणजे काठोकाठ २५५ लिटर पाणी. काच, रेती, दगड धरून साडेतीनशे किलोच्या घरात. जुनं टीव्ही युनिट विसरा; पार्टिकल बोर्ड ओल लागली की फुगतो.

फॅब्रिकेटरला सांगा: दीड इंची चौकोनी एमएस (साध्या पोलादाचा) पाइप, २ मिमी जाड, वरच्या चौकटीत मध्ये एक-दोन आडव्या पट्ट्या. ताबा घेताना दोन्ही कर्ण टेपने मोजा; फरक असेल तर चौकट तिरकी आहे. वरच्या बाजूचे वेल्डिंगचे उंचवटे ग्राइंड करूनच रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) मारायला लावा. वर १८ मिमीचा मरीन प्लाय, त्यावर १० मिमी थर्माकोल. खाली फ्रेम नसलेली, तळाची काच थेट टेकणारी टाकी असेल तर हा थर टाळू नका. खाली वाळूचा एक खडा राहिला तरी भार त्या बिंदूवर येतो आणि काच तडकते.

नवखे हमखास चुकतात ते लेव्हलमध्ये. फरशीला उतार असतोच, बाल्कनीत तर मुद्दाम दिलेला. पाणसळ (स्पिरिट लेव्हल) लांबीला, रुंदीला आणि तिरकी लावून बघा. पाचर घालायची ती स्टँडच्या पायाखाली, टाकीखाली कधीच नाही. पुठ्ठ्याची तर नाहीच. ओला झाला की बसतो. पायांना लेव्हलिंग बोल्ट असतील तर उत्तम.

जागा भिंतीलगत, शक्यतो बीमवर.

आधी अर्धीच भरा, चोवीस तास थांबा, मग चारही कोपऱ्यांत तळापासून पाण्याची उंची मोजा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक? रिकामी करा. भरलेली टाकी उचकटायची नाही.