वाचकांचे प्रश्न : जुन्या शाळेत नवे वर्ग

प्रश्न : आमच्या शाळेची मुख्य दगडी इमारत शंभर वर्षांहून जुनी आहे. भिंती जाड, छत उंच, खिडक्या मोठ्या. मुलांना गटागटाने काम करता यावे म्हणून संस्थेने आराखडा मागवला. त्यात मधल्या भिंती काढून मोठी दालने करणे, सर्वत्र फॉल्स सीलिंग बसवणे आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा करणे सुचवले आहे. वर्गात आवाज फार घुमतो, ही शिक्षकांची तक्रारही खरी आहे. हा आराखडा स्वीकारावा का?

उत्तर : आहे त्या स्वरूपात स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हेतू योग्य आहे. परंतु तिन्ही उपाय इमारतीच्या जमेच्या बाजूंवरच घाव घालतात. वीज येण्यापूर्वीच्या शाळांमध्ये उजेड आणि हवा यांची सोय बांधकामातूनच करावी लागे. खिडकीचा माथा जितका उंच, तितका उजेड वर्गात आतवर पोहोचतो. साधारणपणे त्या उंचीच्या दीड ते दोन पट अंतरापर्यंत तो वाचण्याजोगा असतो. फॉल्स सीलिंग खाली घेतले की खिडकीची वरची झडप त्यामागे जाते, मागच्या बाकांवर अंधार पडतो, वर चढलेली गरम हवा बाहेर जाण्याची वाट बंद होते आणि भर दिवसा दिवे लावावे लागतात. सालफर्ड विद्यापीठाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्लंडमधील २७ प्राथमिक शाळांचे १५३ वर्ग तपासले गेले. मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीत जो फरक दिसला, त्यापैकी सुमारे १६ टक्क्यांचा संबंध वर्गाच्या भौतिक रचनेशी लागला आणि त्यात उजेड, हवा व तापमान यांचा वाटा मोठा होता. या तीन गोष्टी तुमच्याकडे आधीच आहेत. त्या घालवून आधुनिक होण्यात काय अर्थ आहे?

आवाजाची तक्रार मात्र गंभीर आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील नव्या कलासंग्रहालयाचे व्याख्यानगृह सुरू झाले, तेव्हा तिथे उच्चारलेला शब्द जवळपास साडेपाच सेकंद घुमत राही आणि व्याख्यान कोणालाच कळत नसे. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आले. रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून, ऑर्गनच्या नळीचा सूर आणि घड्याळ एवढ्याच सामग्रीवर त्यांनी मोजमापे घेतली, आणि खोलीचे घनफळ व आवाज शोषणारे पृष्ठभाग यांच्यातील नाते सूत्रात मांडले. ते सूत्र तुमच्या वर्गालाही लागू आहे. ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि साडेचार मीटर उंच अशा रिकाम्या, कठीण पृष्ठभागांच्या वर्गात आवाज तीन सेकंदांहून अधिक काळ रेंगाळू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने वर्गासाठी सुचवलेली मर्यादा ०.६ सेकंद आहे. ज्या मुलांना ऐकू कमी येते, किंवा शिकवण्याची भाषा ज्यांच्या घरची नाही, त्यांचे यात सर्वाधिक नुकसान होते.

उपाय असा, की आवाज शोषणारे तक्ते छताला चिकटवण्याऐवजी तुळयांपासून आडवे टांगावेत. खिडकीच्या माथ्याच्या वर, भिंतीपासून थोडे आत, अशा रीतीने ते टांगले तर झडपा मोकळ्या राहतात, हवा खेळती राहते आणि तक्त्याच्या दोन्ही बाजू आवाज शोषतात. मागच्या भिंतीवर मुलांचे काम लावण्यासाठी मऊ फलक लावावा. त्याने दोन्ही कामे होतील. यातले सर्व काही उद्या काढून घेता येईल आणि मूळ छताला काही झालेले नसेल. जुन्या-नव्याचा मेळ घालायचा असेल तर प्रत्येक बदलाला हीच कसोटी लावावी.

मधल्या भिंतींबद्दल म्हणाल, तर अशा इमारतीत त्यांच्यावर बहुधा छताचा भार असतो. शिवाय भिंतींविना वर्गांचा प्रयोग १९६० आणि ७० च्या दशकांत अनेक देशांत झाला आहे. शेजारच्या गटाचा गोंगाट असह्य झाल्याने पुष्कळ ठिकाणी पडदे आले आणि पुढे भिंती परत आल्या. गटाने काम करण्यासाठी हलकी, सरकवता येणारी टेबले आणि वर्गांना जोडणारे एखादे दार पुरते. आधी भिंती नीट तपासा; पुष्कळदा असे दार पूर्वी होते आणि नंतर कोणीतरी विटांनी बुजवलेले असते. व्हरांडा असेल तर तोही शिकण्याचीच जागा आहे, त्यात कपाटे रचून तो वाया घालवू नका.

सिमेंटच्या गिलाव्याला तर ठाम नकार द्यावा. दगड-चुन्याची भिंत ओल घेते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर टाकते. वर सिमेंटचा घट्ट थर बसला की ओल आत कोंडते, क्षार साचतात, लोणा लागतो आणि काही वर्षांत गिलाव्याबरोबर दगडाचे पापुद्रेही सुटू लागतात. त्या भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा आणि दगडांमधल्या सांधींच्या दरजाही चुन्यानेच भराव्यात.

प्रश्न : आवारात प्रयोगशाळा आणि लिफ्ट यांसाठी नवी इमारत बांधायची आहे. ती हुबेहूब जुन्यासारखी दिसावी का?

उत्तर : नाही. जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार नवी भर तिच्या स्वतःच्या काळाची म्हणून ओळखू आली पाहिजे; नक्कल केली तर खरे जुने कोणते, हेच पुढच्या पिढीला कळेनासे होते. मात्र वेगळे दिसणे म्हणजे वरचढ होणे नव्हे. छपराची रेषा जुन्या इमारतीच्या वर जाऊ नये आणि खिडक्यांच्या उभ्या-आडव्या प्रमाणांशी नाते राहावे. पाणी, गॅस आणि धुराडी लागणारे सर्व काही नव्या इमारतीत न्यावे. लिफ्टही तिथेच ठेवून प्रत्येक मजल्यावर हलक्या पुलाने जुन्या इमारतीशी जोडली, तर जुना जिना शाबूत राहतो आणि चाकाच्या खुर्चीवरील मूलही सर्वांच्याच दाराने वर्गात येते.

प्रश्न : जुन्या भिंतीत वायरिंग आणि इंटरनेट कसे न्यावे?

उत्तर : भिंतीत खाचा पाडू नका. नळ्या भिंतीच्या पायथ्याने, उघड पण नीटस न्या. जाड दगडातून वायफायचा सिग्नल क्षीण होतो, म्हणून प्रत्येक वर्गाला स्वतंत्र उपकरण द्या. जुनी हवेची धुराडी आणि पोकळ्या वायरींसाठी सोयीच्या वाटतात. परंतु त्यातूनच आग मजल्यांवर चढते. ग्लासगोच्या कलाविद्यालयाच्या जगप्रसिद्ध इमारतीत २०१४ मध्ये लागलेली आग अशाच जुन्या हवेच्या मार्गांतून वर पसरली, आणि दुरुस्ती चालू असताना २०१८ मध्ये ती इमारत पुन्हा पेटली. तेव्हा प्रत्येक पोकळी मजल्यागणिक आगरोधक साहित्याने बंद करून घ्या, आणि वेल्डिंग संपल्यावर किमान एक तास तिथे माणूस थांबेल, ही अट कंत्राटातच घाला.