पांढरी दोन ते पांढरी चार: गार्सियाकडून काय घ्यायचं

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचं रेकॉर्डिंग मिळालं. एकोणिसाव्या शतकातला गायनशिक्षक मान्वेल गार्सिया याच्या ग्रंथातला ‘कू द ग्लॉत’, म्हणजे स्वरयंत्राच्या फटीचा आघात, तू रोज सकाळी सलग तासभर घोटतेस आणि दुपारपर्यंत आवाज बसतो, असं लिहिलंस. तो सराव आजच थांबव. ग्रंथ वाईट आहे म्हणून नाही. तू ज्याला आघात समजते आहेस तो त्याने सांगितलेला आघातच नाही, आणि सलग तासभर हे तर त्याने नवशिक्याला कधीच करू दिलं नसतं.

हा माणूस एवढा जपून का शिकवायचा, ते आधी समजून घे. 1805 चा जन्म. वडील नावाजलेले टेनॉर, म्हणजे पुरुषांच्या उंच आवाजाचे गायक, रॉसिनीच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ या ऑपेरातले पहिले आल्माव्हिवा, म्हणजे नायक. नोव्हेंबर 1825 मध्ये या कुटुंबाने न्यू यॉर्कच्या पार्क थिएटरात तोच ऑपेरा इटालियनमधून केला, तेव्हा विशीतला हा मुलगा फिगारो, म्हणजे तो न्हावी, झाला होता आणि बहीण मारिया, पुढे मालिब्रान नावाने गाजलेली गायिका, झाली होती नायिका रोझिना. फिगारोचं प्रवेशाचं गाणंच बॅरिटोनला, म्हणजे पुरुषांच्या मधल्या आवाजाला, पुन्हा पुन्हा वरच्या जी पर्यंत नेतं. त्या वयात बॅरिटोनचा गळा पुरता तयार झालेला नसतो. त्यावर एकामागून एक प्रयोगांचा भार पडला तर स्वर टिकवायला माणूस दाब वाढवतो, आणि दाबाने गळ्यातल्या स्वरपट्ट्या आणखी थकतात. 1830 च्या सुमारास त्याची रंगभूमी सुटली. मग त्याने लष्करी रुग्णालयांत स्वरयंत्राचा अभ्यास केला आणि पुढची पासष्ट-एक वर्षं शिकवण्यात घालवली. आधी पॅरिस, 1848 पासून लंडन, तिथल्या रॉयल अ‍ॅकॅडमीत 1895 पर्यंत.

तुझ्याशी सगळ्यात जवळची केस स्वीडिश गायिका येनी लिंडची. 1841 मध्ये ती स्टॉकहोमहून पॅरिसला त्याच्याकडे आली तेव्हा विशीतच होती, पण मोठमोठ्या भूमिका करून गळा दमलेला. त्याने ऐकलं आणि शिकवायला नकार दिला. सहा आठवडे गाणं बंद, बोलणंही शक्य तितकं बंद, मग ये, असं सांगितलं. ती तशी राहिली. परत आल्यावर आठवड्याला दोन शिकवण्या सुरू झाल्या. त्यांत काय होतं? सरगम वर-खाली, अगदी संथ आणि काळजीपूर्वक. मग ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांची भराभर अदलाबदल, तीही कंटाळा येईल इतकी सावकाश. 1842 मध्ये स्टॉकहोमला परत जाऊन तिने ‘नोर्मा’ या ऑपेरातली मुख्य भूमिका गायली. हे सगळं दहा-एक महिन्यांत झालं. तू मात्र पहिल्याच महिन्यात एरिया, ऑपेरातलं एकटीने गायचं मोठं गाणं, मागते आहेस!

आता तो आघात. गार्सियाने त्याची तुलना ओठांनी ‘प’ उच्चारण्याशी केली आहे. करून बघ: ओठ अलगद मिटतात, मागे जरासा श्वास थांबतो, ओठ सुटतात. तुला मराठी येतं हा इथे मोठा फायदा आहे, कारण आपला ‘प’ आणि ‘फ’ वेगळे आहेत आणि इथे हवा आहे तो स्वच्छ, हवा न सांडणारा ‘प’. हेच काम गळ्यातल्या पट्ट्यांनी करायचं. तोंड अर्धं उघडं, जीभ सैल पडलेली, श्वास सावकाश घेतलेला, आणि मग ‘आ’. आधी ‘ह’ ऐकू आला तर हवा वाया गेली. खोकल्यासारखा किंवा घशात अडकलेलं काही बाहेर काढल्यासारखा ठोका आला, तर तो छातीचा धक्का. 1894 च्या पुस्तकात त्याने हा फरक मुद्दाम स्पष्ट केला, कारण लोक धक्क्यालाच त्याची पद्धत समजत होते. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये नेमका तो धक्का आहे. प्रत्येक ‘आ’च्या तोंडाशी टक् असा आवाज येतो तो हाच. पट्ट्या एकमेकींवर आदळतात, दिवसभरात शेकडो वेळा, आणि सुजतात.

दुसरी गोष्ट तू विचारली नाहीस, पण मला जास्त काळजी तिची आहे. छातीचा आवाज, म्हणजे छातीत घुमणारा खालचा भरदार आवाज, तू फार वर ओढतेस. बायकांच्या गळ्यात तो मध्य सप्तकातल्या ई-एफ पर्यंत, म्हणजे हार्मोनियमवरच्या पांढरी तीन-चारपर्यंत न्यावा, त्यापुढे नाही. तू पांढरी सहापर्यंत नेतेस. तिथे तो मोठा आणि दमदार ऐकू येतो, म्हणून मोह होतो. पण वरचा आवाज वापरलाच जात नाही, तो पोकळ राहतो, आणि मध्ये भगदाड पडतं.

यावर गार्सियाचा उपाय साधा आहे आणि ऐकायला कुरूप आहे. पांढरी दोन घे. एकाच श्वासात, एकाच स्वरावर आधी छातीचा आवाज, मग फॉल्सेटो, म्हणजे वरचा हलका आवाज, परत छातीचा, परत हलका. मध्ये थांबायचं नाही, ‘ह’ घालायचा नाही. मग पांढरी तीन, मग चार. बदलताना उचकीसारखा झटका बसेल. तो लपवायचा नाही. लपवायला गेलीस की गळा आवळला जातो आणि दोन्ही आवाज मिसळून तिसराच घट्ट आवाज तयार होतो, जो पुढे सोडवायला वर्षं लागतात. झटका आपोआप मऊ होत जातो. फार तर चार-पाच फेऱ्या, की विश्रांती.

वेळेचा हिशेब त्याचाच घे: सुरुवातीला एका बैठकीत पाच मिनिटं, मध्ये मोठी विश्रांती, दिवसातून चार-पाच वेळा. पुढे पाच-पाच मिनिटांनी वाढवत एक बैठक अर्ध्या तासापर्यंत, पण ते महिन्यांनी. एकच स्वर लहानाचा मोठा करून परत लहान करायचा व्यायाम एवढ्यात नको, त्याला दोन्ही आवाज जुळलेले लागतात.

गार्सियाने स्वतःचं स्वरयंत्र ज्यात पाहिलं त्या आरशाबद्दल विचारलंस. 1854 मध्ये पॅरिसमध्ये त्याला ती कल्पना सुचली. दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा त्याने सहा फ्रँकला घेतला, श्वासाने धुरकट होऊ नये म्हणून गरम पाण्यात बुडवला, पुसला आणि पडजिभेला टेकवला. दुसऱ्या हातातल्या आरशाने त्यावर ऊन पाडलं. उघडी फट आणि खाली श्वासनलिकेचा थोडा भाग त्याला दिसला. 1855 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने हे मांडलं, आणि पुढे वैद्यांनी त्यातून घशाची तपासणी उभी केली. घरी तू असलं काही करू नकोस. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि स्ट्रोबोस्कोपी करता येईल का विचार. त्यात पट्ट्यांची हालचाल संथ केल्यासारखी दिसते, सूज किंवा गाठ असेल तर कळते. गायिका आहेस हे आधी सांग.

तपासणी होईपर्यंत गाणं बंद, आणि कुजबुजसुद्धा नको, कित्येकांचा गळा तिनेही ताणला जातो. अहवाल आला की मला पाठव. त्यात सगळं ठीक असेल तर पांढरी दोनपासून सुरुवात करू, पाच मिनिटं.