स्पॅनिश दुकानांची नावं इंग्रजीत आणताना

शब्दांची लांबलचक यादी पाठ करू नका. आधी ‘-एरिया’ हा शेवट ओळखायला शिका. पान म्हणजे पाव, म्हणून पानादेरिया ही बेकरी. फ्रुतेरिया, पेस्कादेरिया (पेस्कादो म्हणजे मासे), सापातेरिया (सापातो म्हणजे बूट) मग तुम्हीच लावाल.

सुरुवातीच्या चुका बहुतेक इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या शब्दांवर होतात:

- लिब्रेरिया म्हणजे बुकशॉप. लायब्ररी म्हणजे बिब्लिओतेका. ही चूक सगळ्यात जास्त दिसते.
- द्रोगेरिया जपून वापरा. स्पेनमध्ये तिथे साबण, सफाईचं सामान, रंग मिळतात, औषधं फार्मासियात. कोलंबियात मात्र द्रोगेरिया म्हणजेच औषधांचं दुकान!
- आल्मासेनचं तसंच: स्पेनमध्ये सहसा गोदाम, अर्जेंटिनात कोपऱ्यावरचं किराणा दुकान.

म्हणून अनुवादाला हात घालण्यापूर्वी मजकूर कोणत्या देशातला आहे ते बघाच. माझ्या मते शब्दकोशापेक्षाही हे आधी.

इंग्रजीतही वाचक कोण ते ठरवा. फेरेतेरियाला हार्डवेअर स्टोअर सगळीकडे चालतं, पण फार्मासिया ब्रिटिश वाचकासाठी केमिस्ट, अमेरिकन वाचकासाठी फार्मसी किंवा ड्रगस्टोअर. एका मजकुरात दोन्ही मिसळू नका.

काही दुकानांना इंग्रजीत नेमकी जोडी नाही, त्याने खचू नका. स्पेनमधल्या एस्तांकोत तंबाखूबरोबर टपाल तिकिटंही मिळतात. नुसतं टोबॅकोनिस्ट लिहिलं तर पत्र टाकायला निघालेलं पात्र तिथे का शिरलं, हे वाचकाला कळत नाही. अशा वेळी चार शब्द जास्त खर्च करा.