उंदरांच्या मेंदूचा अभ्यास करायचा म्हणणारी लेक

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. लातूरच्या मार्केट यार्डात तुमची आडत आहे. मुलगी अकरावीला आहे, नीटच्या क्लासला जाते, पण आता म्हणते की डॉक्टर व्हायचं नाही, मेंदूवर संशोधन करायचं. तुम्ही लिहिलंय, 'गोदामात आम्ही उंदरांपायी हैराण, आणि ही उंदरांवर शिकणार. त्यातून माणसाचं काय कळतं? रस्त्यावरचं मांजराचं पिल्लू घरी आणून रात्रभर जागणारी ही पोर, हिच्याच्यानं उंदीर मारवेल का? आणि पोटापाण्याचं काय?'

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर जरा सावकाश देतो, कारण ते पटलं नाही तर पुढचं सगळं तुम्हाला पोरखेळ वाटेल.

अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर नावाचं गाव आहे. तिथल्या जॅक्सन लॅबोरेटरीत १९४९ मध्ये काही उंदीर भलतेच लठ्ठ निघाले, नेहमीच्या उंदराच्या तिपटीपर्यंत वजन जाणारे. ते सारखे खात असत. पुढे तिथेच अशी आणखी एक जात सापडली, तीही लठ्ठ आणि वर मधुमेही. दिसायला दोन्ही सारख्याच. डग्लस कोलमन या शास्त्रज्ञाने दोन-दोन उंदरांची कातडी कडेने शिवून त्यांचं रक्त एकमेकांत फिरेल असं केलं. पहिल्या जातीचा लठ्ठ उंदीर साध्या उंदराला जोडला, तर लठ्ठ्याचं खाणं कमी झालं. दुसऱ्या जातीचा जोडला, तर तो लठ्ठच राहिला आणि शेजारचा धडधाकट उंदीर खाणं सोडून उपाशी मेला. यावरून कोलमनने ताडलं की 'पोट भरलं' असं सांगणारं काहीतरी रक्तातून मेंदूकडे जात असलं पाहिजे. पहिल्या जातीत ते तयारच होत नाही. दुसऱ्या जातीत रगड तयार होतं, पण मेंदूला ते कळत नाही. तुमच्या धंद्यातलं सांगायचं तर एका गोदामातून 'माल पुरे' असा निरोपच निघत नाही, आणि दुसऱ्यातून सारखे निरोप जातात, पण दुकानात फोन उचलायला कुणी नाही.

तो निरोप म्हणजे काय, हे कळायला १९९४ साल उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्याचा जीन शोधला. आपल्या शरीरातली चरबी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडते आणि ते मेंदूतल्या भुकेच्या केंद्रापर्यंत पोचतं. १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी जन्मापासून लेप्टिन तयार न होणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीला ते इंजेक्शनने दिलं. वजन नव्वद किलोंच्या पुढे गेलेल्या त्या मुलीची अनावर भूक ताळ्यावर आली. तोवर अशा मुलांना 'खादाड' म्हणून बोलणीच खावी लागत. भूक ही नुसती मनाच्या लगामाची गोष्ट नाही, हे आपल्याला उंदरांमुळे कळलं. माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे.

याच गोष्टीची दुसरी बाजूही तिला सांगा. साध्या लठ्ठपणावर लेप्टिनचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही, कारण बहुतेक लठ्ठ माणसांत ते आधीच भरपूर असतं. अल्झायमर या विस्मरणाच्या आजारावरची कितीतरी औषधं उंदरांत चालली आणि माणसांत फसली. उंदराला आपणहून अल्झायमर होत नाही, तो जीन बदलून घडवावा लागतो. उंदीर उदास आहे का, हेही त्याला विचारता येत नाही, वागण्यावरून ताडावं लागतं. उंदरावरून माणसाविषयी नेमकं किती म्हणता येईल हे ओळखणं, हीच या क्षेत्रातली खरी हुशारी.

आपल्याकडेही हे काम मोलाचं चाललं आहे. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलेली गोष्ट तिला आवडेल. हे प्रयोग मोठ्या जातीच्या उंदरांवर, म्हणजे रॅटवर होते. रोज दोन तास हलता येणार नाही असं त्यांना कोंडलं, असं दहा दिवस. त्यानंतर मेंदूत स्मरणाशी निगडित भागातल्या पेशींचे फाटे आखूड झाले होते, तर भीतीशी निगडित भागातल्या पेशींचे फाटे उलट वाढले होते. पुढे २००४ मध्ये त्यांनी दाखवलं की ताण संपल्यावर तीन आठवडे विश्रांती दिली तेव्हा पहिला भाग सावरला, दुसरा नाही. (हे लगेच क्लासच्या ताणाला लावू नका, तेवढी घाई शास्त्रात चालत नाही.) मुंबईत टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांचा गट लहानपणी सोसलेल्या ताणाचा पुढच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, ते अशाच प्राण्यांवर अभ्यासतो.

आता मांजराच्या पिल्लासाठी जागणाऱ्या मुलीचं. तुम्हाला ती तिची उणीव वाटते. मला ती तिची लायकी वाटते, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. पिंजऱ्यातून उंदीर काढताना शेपटीला धरून उचलायची पद्धत वर्षानुवर्षं होती. लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं की तसं उचललेले उंदीर माणसाला बिचकतात. उंदराला प्लास्टिकच्या नळीत शिरू देऊन ती नळीच उचलली, किंवा त्याला ओंजळीत घेतलं, तर तो शांत राहतो. घाबरलेल्या उंदराची चाचणी घेतली तर आकडे भीतीचे मिळतात, स्मरणशक्तीचे नाही. २०१४ मध्ये कॅनडातल्या एका गटाला आढळलं की खोलीत पुरुष संशोधक असला की त्याच्या नुसत्या वासाने उंदरांवर ताण येतो आणि त्यांच्या वेदनेची मोजमापंसुद्धा बदलतात. पुरुषाने घातलेला टी-शर्ट ठेवला तरी तेच! जनावर कशाने बुजलं हे ज्याला दिसतं, त्याचा प्रयोग भरवशाचा असतो. तुमच्या मुलीला ते दिसतं.

तरीही अवघड भाग झाकून ठेवणार नाही. मेंदूच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या तर बहुतेक वेळा प्राण्याला शेवटी मारावं लागतं, आणि ते काम विद्यार्थ्यालाच करावं लागतं. त्याला नियम आहेत. प्रत्येक संस्थेत प्राण्यांसाठी नैतिक समिती असते, तिच्यात पशुवैद्यक आणि संस्थेबाहेरची माणसंही असतात. किती प्राणी, कशासाठी, वेदना कमी कशी करणार, प्राण्यांवाचून भागणार नाही का, हे सगळं लिहून मंजुरी घ्यावी लागते. हे करून पाहिल्यावर जमत नाही असं तिला वाटलं, तर मेंदूविज्ञान सोडावं लागत नाही. फळमाशांवर काम करणारे गट आहेत, माणसांच्या मेंदूच्या स्कॅनवर काम करणारे आहेत, संगणकावर मेंदूचं गणित मांडणारे आहेत. २०२३ मध्ये भारताने नवीन औषधांच्या चाचण्यांच्या नियमांत प्राण्यांऐवजी पेशींवरच्या आणि संगणकावरच्या पद्धतींनाही जागा दिली. त्या बाजूलाही काम वाढणार आहे.

पोटापाण्याचं थोडक्यात. बारावीनंतर आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांमध्ये पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे, पुण्याचं आयसर तुम्हाला सगळ्यात जवळ. मग पीएचडी, ती पाच-सहा वर्षं. ती घरून पैसे घालून करायची नसते. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता, दोन वर्षांनी ४२,०००. मात्र कायमची प्राध्यापकी तिशी उलटल्याशिवाय सहसा मिळत नाही, आणि जागा थोड्या असतात. औषध कंपन्यांतल्या संशोधन विभागांत त्या मानाने जास्त वाव आहे. घरात घाई असेल तर हा रस्ता जाचतो, हे आताच बोलून घ्या.

नीटचा क्लास सोडायला सांगू नका. पशुवैद्यकीय पदवीचा प्रवेश नीटवरूनच होतो, आणि तुमच्याच जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची काळजी घेणारे पशुवैद्यक हा वेगळा, कायद्याने आवश्यक असलेला पेशा आहे. तिचा स्वभाव पाहता हा मार्गही तिच्यापुढे ठेवा.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. तिने गणित सोडलंय असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. आयसरच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित या चौघांना सारखेच गुण असतात, आणि आत गेल्यावरही गणित सुटत नाही. विषय बदलायची मुदत अजून असेल तर याच आठवड्यात कॉलेजात चौकशी करा. नसेल तर अकरावीच्या गणिताचं पुस्तक आणून रविवारी तासभर तरी तिला घरी बसवा.