भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन या

डिसेंबर संपत आला की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास येतं, ‘मॅडम, हेही वर्ष वाया गेलं. पुढच्या वर्षाचं ठरवून तरी काय उपयोग?’

सुनंदाताईंनी (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) खुर्चीत बसताबसताच ते म्हटलं. राहायला सांगलीच्या गावभागात, नवरा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. मागच्या जानेवारीत तीन गोष्टी ठरवल्या होत्या: शिवणकाम सुरू करायचं, दहा किलो वजन उतरवायचं, स्कूटर शिकायची. ‘एकही झाली नाही. वर्षभर काय केलं विचाराल तर सांगायला काही नाही.’ डोळे भरून आले होते.

झोप, भूक, जगणं नकोसं वाटतं का, हे मी आधी विचारून घेतलं. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकून असेल तर वर्षाचा हिशोब बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांना भेटायला हवं. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलताही येतं. ताईंचं तसं नव्हतं. त्या थकल्या होत्या.

म्हटलं, ‘पुढच्या वेळी भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन या.’

आणलं. तेलाचे डाग, दुधाच्या खाड्यांच्या लाल फुल्या, गॅस लावल्याच्या तारखा. मार्चमध्ये एका चौकोनात ‘आई पडल्या’. सासूबाईंच्या खुब्याचं मिरजेत ऑपरेशन झालं होतं. तिथून मेअखेरपर्यंत दर एक दिवसाआड ‘फिजिओ’. जुलैच्या शेवटी ‘सामान वर’. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, आणि पाणी तिकडे सरकायला लागलं की २०१९ चा महापूर पाहिलेल्या गावभागात कुणाला झोप लागत नाही. गहू, कागदपत्रं, मुलीची पुस्तकं माळ्यावर चढवायची, महिन्याभरानं उतरवायची. हे सगळं ताईंनी एकटीनं केलं होतं आणि ‘सांगायला काही नाही’ या तीन शब्दांत गुंडाळून टाकलं होतं.

मग कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं. ‘ब्लाऊज २’. पुढे ‘ब्लाऊज ३, वहिनी’.
‘हे काय?’
‘ते होय, शेजारणींचे.’
‘पैसे घेतले?’
‘एकाचे दोनशे. ओळखीच्यांकडून जास्त कसे घेणार?’
आम्ही मोजले. एकेचाळीस. त्या बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या.

वजन उतरलं नव्हतं, स्कूटरही राहिली होती. ते मी गोड करून सांगितलं नाही. पण डिसेंबरातल्या थकलेल्या मनाला विचारलं तर ते राहिलेलंच आधी सांगतं, म्हणून मी माणसाला नोंदींकडे नेते. पासबुक, मोबाईलमधले फोटो, दवाखान्याची फाईल, काहीही चालतं.

पुढच्या वर्षासाठी नवं कॅलेंडर उघडलं आणि आधी अडकलेले दिवस खुणावले. फेब्रुवारी ते मे हळदीचा हंगाम, दिवाणजी रात्री उशिरा घरी. मार्चात मुलीची दहावी. जुलै-ऑगस्ट नदीचे.
‘मग जानेवारीत काहीच नको?’
‘फक्त शिवण. ते चालूच आहे की.’

स्कूटर जूनमध्ये गेली. ‘शिकीन’ एवढंच लिहू दिलं नाही. कधी, कुठे, कसं करायचं हे ठरवलं की काम होण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ च्या लेखात मांडलं आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्यांतही मी ते पाहते. ताईंनी लिहिलं: ‘रविवारी सकाळचा चहा झाला की धाकट्या भावाबरोबर मैदानावर.’ आणि पाऊस असला तर? तर पुढचा रविवार, यादी फाडायची नाही. वजनाचं यंदा नको, असं त्याच म्हणाल्या. मला ते पटलं.

उठताना त्यांनी पेन्सिल परत मागून घेतली आणि १ जानेवारीच्या चौकोनात उभ्यानंच लिहिलं, ‘दूध १ लि. ब्लाऊज २.’ थोडं थांबून खाली, ‘२५० रु.’