‘व्यापारी नाणे’ की ‘व्यापारी टोकन’?

प्रश्न असा: इंग्लंडमधल्या दुकानदारांनी सतराव्या आणि अठराव्या शतकांत स्वतःच्या नावाने पाडलेली ‘ट्रेड्समन्स टोकन’ जमवणाऱ्याने मराठी नोंदवहीत त्यांना काय म्हणावे? ‘व्यापारी नाणे’ चालेल का? आणि फार्दिंगला, म्हणजे पाव पेनीला, दमडी म्हटले तर?

‘व्यापारी’ राहू द्या, ‘नाणे’ मात्र नको. नाणे पाडायचा अधिकार राजाचा. ही टोकने निघाली ती राजाचा खुर्दा बाजारात मिळेनासा झाला म्हणून. यादवी युद्धाच्या धामधुमीत, साधारण १६४८ पासून, किराणावाले, खाणावळवाले, मेणबत्त्या विकणारे आपापली पितळी-तांब्याची टोकने काढू लागले. १६७२ साली दुसऱ्या चार्ल्सने तांब्याची सरकारी हाफपेनी आणि फार्दिंग आणली आणि हा प्रकार बंद केला. (आपल्याकडचा दुकानदार सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट ठेवतो. त्यांचा दुकानदार आपले टोकन निदान परत तरी घ्यायचा.)

‘व्यापारी नाणे’ नको याचे दुसरे कारण थेट मुंबईतले आहे. १८९५ पासून मुंबईच्या टांकसाळीत ‘ब्रिटिश ट्रेड डॉलर’ पाडले जात. ते चांदीचे, सरकारी, पूर्वेकडच्या व्यापारासाठीचे. मुंबईच्या डॉलरवर ब्रिटानियाच्या, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेल्या स्त्रीच्या, त्रिशूळाच्या मधल्या पात्यावर बारीक ‘बी’ असतो. ‘व्यापारी नाणे’ हे नाव त्याला शोभते. एकाच वहीत दोन्ही आले तर गोंधळ ठरलेला.

‘बिल्ला’ सुचवणारेही आहेत, पण बिल्ला छातीवर लावायचा असतो. ‘टोकन’ आता मराठीच झाला आहे: बँकेतले पितळी टोकन, दवाखान्यातले टोकन, घराच्या सौद्यात दिलेले टोकन. प्रत्येक ठिकाणी ‘याच्या बदल्यात पुढे काहीतरी मिळेल’ हाच अर्थ. इंग्रजीतला मूळ अर्थ खूण, आणि अठराव्या शतकात टोकनांची दुसरी लाट आली तेव्हा तर ही हमी धातूवरच उमटली. वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस (Parys) माइन कंपनीच्या १७८७ च्या पेनीवर ‘धारकास एक पेनी देण्याचे वचन देतो’ अशा अर्थाचा मजकूर आहे. आपल्या नोटेवर गव्हर्नरची सही असते तिथले वाक्य आठवा. हे टोकन काढणारी खाणकंपनी होती, म्हणून सगळ्यांना सरसकट ‘दुकानदारांची टोकने’ म्हणता येत नाही. ‘व्यापारी टोकन’मध्ये दोन्ही बसतात.

फार्दिंगचा शब्दशः अर्थ चौथा हिस्सा. तेव्हा ‘पाव पेनी’ लिहा किंवा फार्दिंगच ठेवा. दमडीचा हिशेब पैशाशी बांधलेला, पेनीशी नव्हे.

‘छापा’ आणि ‘काटा’ हेही इथे जपून वापरा. सतराव्या शतकातल्या टोकनावर सहसा राजाचे डोके नसतेच. एका बाजूला दुकानाची पाटी किंवा धंद्याची खूण, दुसऱ्या बाजूला तीन अक्षरे. वरचे आडनावाचे, खालची दोन बहुधा नवरा-बायकोच्या नावांची. वर ‘बी’, खाली ‘आय’ आणि ‘एम’ असेल तर ‘आय’ म्हणजे बहुतेक जॉन किंवा जेम्स, कारण ‘जे’च्या जागी तेव्हा ‘आय’च कोरत. नवशिके इथे हमखास चुकतात. किराणावाल्यांच्या टोकनांवर त्यांच्या संघाचे चिन्ह दिसते, त्यात चक्क लवंगा असतात. फार्दिंग जेमतेम १६ मिलिमीटरचे, आपल्या जुन्या स्टीलच्या दहा पैशांएवढे, तेव्हा दहापट भिंग हाताशी हवे. अठराव्या शतकातल्या टोकनाची कडही वाचा. पैसे कुठे मिळतील ते पुष्कळदा तिथेच लिहिलेले असते. नोंदीत ‘कड’ हा वेगळा रकाना ठेवा.

शेवटचा शब्द ‘गंज’. गंज लोखंडाला, तांब्या-पितळेला कळंक. पितळी भांड्यात ताक कळकते तोच हा शब्द. पण काळपट-तपकिरी घट्ट थर म्हणजे कळंक नव्हे, त्याला ‘जुना रंग’ म्हणा आणि हात लावू नका. चिंच-मीठ लावून घासलेले टोकन देवघरातल्या तांब्यासारखे लखलखते आणि त्याची किंमत घसरते. नखाने भुकटी होणारा फिकट हिरवा थर मात्र धोक्याचा. त्यामागे धातूतले क्लोराइड आणि दमट हवा असते. असे टोकन वेगळे काढा, डिस्टिल्ड पाण्यात बुडवा, पाणी रोज बदला, नंतर पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. चिकट हिरवे डाग दिसले तर दोष पाकिटाचा: मऊ, वास येणारे पीव्हीसी. ते डाग ॲसिटोनने निघतात, खिडकी उघडी ठेवून आणि ज्योतीपासून लांब बसून. पुढे मायलारची (पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मची) किंवा आम्लमुक्त कागदाची पाकिटे वापरा.