मिलमची घरं कुणाची?

प्रश्न : जूनमध्ये उत्तराखंडातल्या मुनस्यारीहून मिलम हिमनदीपर्यंत चालत गेलो. मिलम गावात छपरं कोसळलेल्या दगडी घरांच्या रांगाच रांगा दिसल्या. चौकटींवर मात्र सुरेख कोरीवकाम. बरोबरचे म्हणाले, ६२च्या चीन युद्धात इथे बॉम्ब पडले. खरं आहे का? आणि या शेवटच्या गावात अशी घरं बांधली कुणी?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : बॉम्ब पडले नाहीत. लढाई झाली ती लडाखमध्ये आणि नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात. मिलम ओस पडलं ते तिबेटची वाट बंद झाल्यामुळे.

ही घरं जोहार खोऱ्यातल्या शौका व्यापाऱ्यांची. सरकारी कागदांत त्यांना भोटिया म्हणतात. उन्हाळा मिलम, बुर्फू, मर्तोलीत आणि हिवाळा खाली मुनस्यारीकडे, असा त्यांचा वर्षाचा फेरा. धान्य, गूळ, कापड मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर लादून ते उंटाधुरासारख्या ५,००० मीटरहून उंच खिंडी ओलांडत आणि तिबेटातून मीठ, लोकर, टाकणखार (बोरॅक्स) घेऊन परतत. तुम्ही मिलमला शेवटचं गाव म्हणता, पण शौकांच्या लेखी ते अर्ध्या वाटेवरचं होतं. माझे आजोबा झवेरी बाजारात सोनारकाम करत. सांधा जोडताना ते जो टाकणखार लावत, तो एके काळी मेंढ्यांच्या पाठीवरून हिमालय उतरायचा, हे मला मिलमला जाईपर्यंत माहीत नव्हतं.

याच गावात १८३० साली नैनसिंह रावत जन्मले. गावच्या शाळेत ते मास्तर होते. इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याला तिबेटचा नकाशा हवा होता, पण गोऱ्या माणसाला तिथे प्रवेश नव्हता. नैनसिंहांना तिबेटी बोलता येई, व्यापाऱ्यांचे रिवाज ठाऊक होते. त्यांनी पावलं मोजत तिबेट पालथं घातलं. १०८ऐवजी १०० मण्यांची माळ, दर शंभर पावलांना एक मणी. होकायंत्र प्रार्थनाचक्रात लपवलेलं. जानेवारी १८६६मध्ये ते ल्हासाला पोचले आणि त्या शहराची उंची व नकाशावरची जागा त्यांनी निश्चित केली. १८७७मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. हिमालयाच्या शोधाच्या गोष्टी सांगताना आपण इंग्रज अधिकाऱ्यांचीच नावं घेतो, याचं मला फार वाईट वाटतं.

१९६२ नंतर सीमा बंद झाली आणि व्यापार एका हंगामात संपला. कळप विकले गेले, माणसं खाली स्थिरावली, मुलं शिकून नोकऱ्यांना लागली. १९६७मध्ये भोटियांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. मुनस्यारीत बायका अजून मागावर बसतात. लोकरीचा जाड थुलमा, म्हणजे पांघरूण, आणि दन, म्हणजे गालिचा, त्यांच्याकडूनच घ्यावा.

काही घरची माणसं अजूनही उन्हाळ्यात वर येतात, बटाटा लावतात. दहा वर्षांपूर्वी मला तिथे एक आजी भेटल्या. कमरेइतक्या उरलेल्या भिंतीपाशी त्या मला घेऊन गेल्या. आतल्या कोपऱ्यात खुरटं गवत उगवलं होतं. तिथे बोट दाखवून म्हणाल्या, “नमक यहाँ रखते थे.”